पाटीवर तुमचं नाव नाही

अब्बा,

तुमची लाँच काल पुन्हा पाण्यात गेली. सकाळच्या भरतीला. ती जिथे बांधून ठेवली आहे तिथे काठावर पितळेची पाटी लावली आहे. लाकूड कुठून आलं, कोणत्या किनाऱ्यावर बांधली, खजूर आणि सिमेंट घेऊन कुठे कुठे जायची, सगळं अरबीत आणि इंग्रजीत लिहिलंय. बांधणाऱ्याच्या नावासमोर लिहिलंय, अज्ञात. ते मी लिहायला लावलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मुलगी विरघळेल अशी आशा धरून तुम्ही ऐकत बसणार नाही. तुम्हाला तशी सवय होती. आम्ही रागावलो की तुम्ही शांतपणे बिडी ओढत बसायचात, आमचा राग आपोआप संपेपर्यंत.

गेल्या वर्षी धाकट्याचा फोन आला. तो आता फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर सुपरवायझर आहे, दाढीत पांढरं दिसायला लागलंय, तुमच्यासारखाच डोकं खाजवत बोलतो. "आपा, बसली आहेस ना? अब्बांची लाँच सापडली!" खोर फक्कानच्या मागे कुठल्याशा आवारात वर्षानुवर्षं उन्हात पडली होती, ती एका संस्थेने उचलून आमच्या बाजूला, दुबईतल्या कालव्याकाठी आणली. तिथे जुन्या लाकडी होड्या जपून ठेवतात. दुरुस्ती करणारे पगारी कारागीर दोनच, बाकी सगळे आमच्यासारखे हौशी, शनिवारी सकाळी येणारे. धाकट्याने फोटोवरून लाँच ओळखली. तिच्या पाठीवर तुम्ही कोरलेली ती वेल, जिच्यासमोर उभा राहून काढलेला तुमचा फोटो गावच्या घरात टांगलेला आहे. तो फोनवर जवळजवळ रडत होता. "तू जा ना आपा, व्हॉलंटियरला नाव दे. मी तिच्यात चढू शकत नाही, तुला माहितीये." माहीत होतं. धाकटा होडीत पाय ठेवत नाही. दुबईला आला तरी खाडी ओलांडायला अब्रात, त्या छोट्या होडीतही, बसत नाही, लांबून पुलावरून टॅक्सीने जातो.

मी नाव दिलं. घरच्यांना वाटलं, बापाच्या आठवणीसाठी. लाँच कोणाची ते तिथे मी कोणाला सांगितलं नाही, आणि पाटी लागेपर्यंत धाकट्यालाही सांगू दिलं नाही. दुबई मरीनातल्या ऑफिसात आठवडाभर लोकांच्या रजा आणि व्हिसा बघणारी बाई शनिवारी डोक्याला रुमाल बांधून लाकूड खरवडते म्हटल्यावर लोकांना कौतुक वाटतंच. माझी मुलगी म्हणते, "मम्मा, यू स्मेल लाइक ओल्ड फिश," आणि गाडीची काच खाली करते. पण मी गेले ते एका गोष्टीसाठी. मला त्या लाँचचा कणा बघायचा होता.

पहिल्याच शनिवारी बघितला. लाँच काठावर टेकू लावून उभी होती. काम बघणारी एक अमिराती मुलगी आहे, तिशीतली, इंजिनिअर, पायात भलेमोठे बूट आणि तोंडात सतत यल्ला, म्हणजे चला चला. तिने आम्हाला आत उतरवलं, जुन्या फळ्या उचलून दाखवल्या. खाली तो होता. तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं एकच काळं लाकूड, ज्यावर बाकी सगळी नाव उभी राहते. आपल्याकडे त्याला पठाण म्हणायचे. मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभी राहिले. मग अलीकडे आले. मग पलीकडे गेले. पुन्हा अलीकडे. माझ्याबरोबर वसईची एक बाई होती, हॉटेलातून रिटायर झालेली, साठीची, अजून लिपस्टिक न चुकता लावणारी. ती बघत राहिली.

"काय गं बाय, लंगडी खेळते का?"

मी तिला सांगितलं की पूर्वी नवा कणा घातला की बायकांना यार्डात येऊ देत नसत. मूल न होणाऱ्या बाईने तो ओलांडला तर तिला मूल होतं, पण त्याच्या बदल्यात यार्डातला एक माणूस जातो, असं मानायचे. म्हणून कण्यावर काटेरी फांद्या टाकायचे आणि पाळीपाळीने राखण करायचे.

"अरे देवा," ती म्हणाली, "मी सकाळपासून कितीदा ओलांडला! या वयात पोर झालं तर बाप्तिस्म्याला तूच उभी राहायचं हां." आणि इतकी हसली की वरून त्या मुलीने वाकून विचारलं, "क्या हुआ? यल्ला, काम करो!" मग तिलाही सांगावं लागलं. ती म्हणाली, हमारी दादी भी यही बोलती थी. आणि खुशाल कण्यावर बसून पाण्याची बाटली उघडली. त्या दिवशी लाँचमध्ये आम्ही सहा बायका होतो, अब्बा. तुमच्या कण्यावर बसून आम्ही बिस्किटं खाल्ली. मला फार बरं वाटलं.

मला तुमचं खोर फक्कानचं यार्ड पूर्ण आठवतं. समुद्राला लागून वाळूत, मागे तपकिरी डोंगर, सावलीला फक्त चटयांचा एक मांडव. शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन यायची. मला यायला परवानगी होती, मी बाई नव्हते, पोर होते. फटी भरायला तुम्ही तेलात भिजवलेला कापूस ठेवायचात. त्याच्या शेजारच्या कोरड्या गठ्ठ्यातून दोन बोळे काढून तुम्ही माझ्या कानात घालायचात, हातोड्यांचा त्रास होऊ नये म्हणून. मग तुमचे ओठ हलताना दिसायचे आणि आवाज लांबून यायचा. मी जगात सगळ्यात जास्त तुमच्यावर प्रेम करायचे. एकदाच मारलंत. मी काटे बाजूला करून कण्याला हात लावायला गेले तेव्हा. थोबाडीत मारलीत आणि मग स्वतःच घाबरलात, मला उचलून घेतलंत. "तिकडनं फिरून यायचं. नेहमी फिरून यायचं," तुम्ही म्हणालात. आज हे लिहिताना माझा हात गालावर गेला. त्या दिवसाबद्दल मला राग नाही. तुम्ही तेव्हा खरंच मानत होतात.

आणि मी कांजिण्यांनी पडले तो आठवडा आठवतो. डबा न्यायला कोणी नाही म्हणून अम्मी स्वतः निघाली. खोलीत एकच खिडकी, मी खाटेवरून तिला बघतेय. तिने ईदचा निळा जोड काढलाय. डबा द्यायला निळा जोड! मी विचारते, "अम्मी, कुठे लग्न आहे?" ती हसते आणि माझ्या कपाळाला लिंबाचा पाला लावून जाते. परत येते तेव्हाही हसत असते. तिचं ते हसू मी नंतर कधी बघितलं नाही, म्हणून लक्षात राहिलं.

थोड्याच दिवसांनी ओंडका घसरला. किनाऱ्यावर चढवून ठेवलेला, खाली पाचर मारलेली. ती निसटली आणि ओंडका ज्याच्यावर आला तो आपल्याच गावचा होता, आपल्या घराच्या मागच्या वाडीतला, लग्न ठरलेला. तो जागीच गेला. दुसऱ्या दिवशी यार्डातली माणसं आपल्या खोलीत येऊन बसली, मालकाचा माणूसही होता. पाचर कोणी मारली, हे तो विचारत होता. मी दाराशी होते. तुम्ही जमिनीकडे बघत म्हणालात, "पाचरीचं काय घेऊन बसलात. पोरगी आजारी होती तेव्हा माझी बायको डबा घेऊन आली होती. ती कणा ओलांडून गेली." सगळ्यांना पटलं. माझ्यानंतर इतकी वर्षं अम्मीला मूल नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आतल्या कोपऱ्यात अम्मी चहा करत होती. तिने साखर घातली, ढवळली, कप ट्रेमध्ये मांडले आणि ट्रे माझ्या हातात दिला. "तू ने," म्हणाली. ती बाहेर आली नाही. आठवड्याच्या आत आम्ही दोघी रत्नागिरीला.

तुम्ही पुढची लाँच बांधायला लागलात. आम्ही गावात राहायला लागलो. तुम्हाला कधी कळलं का, आम्ही कशा राहिलो ते? गेलेल्या पोराची आई आपल्याच नळावर पाणी भरायची. अम्मी आली की ती आपला भरलेला हंडा ओतून टाकायची आणि अम्मीचं पाणी भरून होईपर्यंत बाजूला उभी राहायची, मग नळाचं तोंड धुऊन पुन्हा पहिल्यापासून भरायची. शिवी नाही, शब्द नाही. वर्षानुवर्षं. त्यात पहिल्याच वर्षी धाकटा झाला आणि सगळ्यांची खात्रीच पटली. माणूस गेला, मूल आलं. क्रिकेट खेळताना तो आउट होत नसला की पोरं ओरडायची, "हा जायचा नाही रे, हा माणूस खाऊन आलाय!" खाडीपलीकडच्या शाळेत जायला तर होती, माणसं नेणारी होडी. तरीवाला त्याला म्हणायचा, "तू मागनं ये, रिकाम्या खेपेला." एकदा तो म्हणाला, "आपा, मी बुडालो तर बाकीचे बुडतील म्हणून का?" सात वर्षांचा होता. त्यानंतर तो तरीत बसलाच नाही, वळसा घालून पुलावरून चालत जायचा.

तुम्ही दोन वर्षांनी एकदा यायचात. त्याच्यासाठी सगळ्यात महागातलं आणायचात. रिमोटची गाडी, बूट, बॅटरीचं विमान. माझ्या वाट्याला अत्तर आणि कापड. तो तुमच्या मांडीवर बसून तुमच्या हाताचे घट्टे मोजायचा. मी चौदा वर्षांची असताना तुम्हाला एकटं गाठून विचारलं होतं, "अम्मीने खरंच ओलांडला होता?" तुम्ही पानाला चुना लावत होतात. मान वर न करता म्हणालात, "झालं ते झालं. त्यावर बोलायचं नाही. खलास." इतकं साधं. माझ्या विशीत तुम्ही गेलात, इथेच तुम्हाला माती दिली, आणि मी विमानाच्या तिकिटाअभावी लांबून रडले. भरपूर रडले. ते अश्रू मला परत हवे आहेत.

कारण दोन वर्षांपूर्वी अम्मीने सांगितलं. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात, दुपारी, शेजारची बाई झोपली होती तेव्हा. मी तिला मोसंबं सोलून देत होते.

"तू कांजिण्यांनी पडली होतीस बघ," ती म्हणाली. "त्या दिवशी मी सांगायला गेले होते. पंधरा दिवस वर गेले होते ना."

"काय वर गेले होते?"

"धाकटा गो. धाकट्याचे दिवस." ती माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघत होती. "म्हटलं, घरी येईपर्यंत कोण थांबणार. यार्डाबाहेर उभी राहून हाक मारली. ते बाहेर आले. कानात सांगितलं. खूप हसले. म्हणाले, जा घरी, ऊन आहे."

"म्हणजे तू आत गेलीच नाहीस?"

"मी कशाला जाऊ? मला काय गरज होती? झालं होतं की माझं."

मी मोसंबं खाली ठेवलं. "आणि अब्बांना हे माहीत होतं. ते बोलले तेव्हा."

"पाचर त्यांनीच मारली होती, घाईत. मालकाला कळलं असतं तर व्हिसा गेला असता. रात्री माझे पाय धरले. म्हणाले, तू काय, गावीच जाणार. दोन-चार दिवस लोक बोलतील, मग विसरतील. तुला काय फरक पडतो."

"आणि तू गप्प बसलीस?"

"खाणार काय होतो आपण? नंतर सांगितलं असतं तर कोणी मानलं असतं? पोर झालं, माणूस गेला, सगळं जुळलं ना." मग तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातात जोर असा उरलाच नव्हता, पण धरलं. "धाकट्याला नको सांगू. त्याला बाप राहू दे."

मी हो म्हटलं. ती महिन्याभरात गेली.

म्हणून तुम्हाला विचारायचंय. भीतीने माणूस खोटं बोलतो, ते मला समजतं. मी रोज ऑफिसात व्हिसाच्या भीतीने थरथरणारी माणसं बघते. त्यांची बाजू घेते, वर भांडते. तुम्ही माझ्या टेबलासमोर येऊन बसला असतात तर तुमचीही घेतली असती कदाचित. पण मालक मेला, यार्ड मोडलं, तुम्हाला कोणाची भीती उरली नव्हती, तेव्हाही तुम्ही गावात नळाजवळून जात राहिलात. तुम्हाला फक्त त्या म्हातारीसमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही धाकट्याला बॅटरीचं विमान दिलंत.

तर, पाटी. लाँचचं काम संपत आलं होतं. सडलेला कापूस आकड्याने ओढून काढायचा, नवा ठोकून बसवायचा, वरून तेल, उन्हात लाकूड आकसू नये म्हणून रोज खारं पाणी ओतायचं. माझे हात तुमच्यासारखे झाले आहेत, ते मला आवडत नाही. धाकटा काठावर उभा राहून सगळ्यांना चहा वाटायचा. दर आठवड्याला मला आठवण करायचा, "आपा, पाटी लागायच्या आधी अब्बांचं नाव दे. स्पेलिंग नीट बघ." एका शनिवारी त्या इंजिनिअर मुलीने सगळ्यांना डेकवर बसवून विचारलं, "बनाने वाला कौन था, किसी को मालूम?" वसईची बाई म्हणाली, "तुमच्याच गावाकडचे असतील बाय, इकडचे सगळे सुतार तिकडचेच." सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "नाही. मालूम नहीं." ती मुलगी हळहळली. कुणीतरी समोसे आणले होते. मला इतकी कडकडून भूक लागली की मी तीन खाल्ले, वर दुसऱ्याच्या ताटलीतली चटणी पुसून घेतली.

आणि काल. धाकटा बायको-मुलांना घेऊन आला होता, इस्त्रीचा पठाणी घालून, ईद असल्यासारखा. लाँच दोरांनी ओढत होते, लोक मोबाईल वर धरून होते, आणि तो पाटी वाचत होता. दोनदा वाचली.

"आपा, हे अननोन काय आहे?"

"लिहिलंय ते आहे."

"तू नाव दिलं नाहीस? विसरलीस?"

"विसरले नाही. दिलं नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. असा तो माझ्याशी कधी बोलत नाही, पण बोलला. "तुला काय कमी केलं त्यांनी? तू तर लाडकी होतीस, तुला त्यांच्याबरोबर इथे राहायला मिळालं. माझ्यामुळे त्यांचा माणूस गेला, आपा. त्यांच्या यार्डातला, त्यांच्या गावचा. त्यांनी मला आयुष्यात एक शब्द ऐकवला नाही. एक शब्द! दुसरा बाप असता तर तोंड बघितलं नसतं. आणि त्या माणसाचं नाव तू..."

मी सांगितलं. फार वेळ लागला नाही. अम्मी आत गेलीच नव्हती, तू आधीच पोटात होतास, पाचर त्यांनी मारली होती, आणि हे सगळं त्यांना माहीत होतं. समोर लाँच पाण्यात सरकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याची मुलगी त्याचा हात ओढत होती, "बाबा, कॅन वी गो ऑन इट? प्लीज?" रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरला विचारतात तशा आवाजात त्याने मला विचारलं, "म्हणजे मी कोणाला खाल्लं नाही?"

"नाही रे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. रुमालाने मानेवरचा घाम पुसला, मग डोळे. मग तो वळला आणि बायकोला काही न सांगता पार्किंगपर्यंत चालत गेला आणि गाडीत काचा वर करून बसला. बऱ्याच वेळाने मी जाऊन काचेवर टकटक केली तेव्हा म्हणाला, "अम्मीला हे सगळं ठाऊक होतं आणि ती माझा डबा भरत राहिली." तुमच्याबद्दल त्याने काहीच विचारलं नाही. पाटी बदलायलाही सांगितलं नाही.

हे पत्र मी कबरीवर नेणार नाही, वाचून दाखवणार नाही. तुम्हाला ऐकवण्यासारखं काही तिथे उरलेलं नाही. काल घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, चांगलं केलंस, अम्मीचा शब्द मोडलास पण भावाचं ओझं उतरवलंस. मी हो म्हटलं. माझी मुलगीही येऊन गळ्यात पडली, तिला अर्धंच कळलं होतं. पण तुम्ही माझे वडील आहात, तुम्हाला खरं सांगते. ते सांगत असताना मी धाकट्याकडे बघतच नव्हते. मी तुमच्या लाँचकडे बघून बोलत होते, मोठ्याने, तुम्हाला ऐकू जावं म्हणून. माझा भाऊ माझ्या शेजारी उभा आहे, हे मला त्याने तो प्रश्न विचारला तेव्हा आठवलं.